नकाशा लाल घ्यावा की निळा?

किस्से गोळा करायला मी कुठं जात नाही. ओट्यावर तांदूळ निवडायला बसते, कान उघडे ठेवते. सुपात खडे कमी आणि किस्से जास्त निघतात! त्यातून आमच्या शेजारी आबासाहेब. भोर संस्थानात रस्त्यांचे ओव्हरसियर होते. संस्थान विलीन झालं, पण आबासाहेबांचा तोरा काही विलीन झाला नाही.

त्यांची मुलगी विलायतेत असते, जावई डॉक्टर. पहिला नातू झाला तसं जावयानं कळवलं, "दोघंही या. माझ्या मोटारीनं युरोप हिंडू. तुम्ही रस्त्यातले जाणकार, तेव्हा नकाशांचं पुस्तक तुम्हीच निवडून आणा. तारीख कळवा, बोटीची तिकिटं मी काढतो."

आबासाहेबांच्या बायकोला, म्हणजे माईंना, युरोपाशी काही घेणं नव्हतं. त्या मला म्हणाल्या, "गोदाबाई, पोर चालायला लागायच्या आत मला मांडीवर घ्यायचंय. एकदा पाय फुटले की कुठलं बसतंय मांडीवर!"

आबासाहेब म्हणाले, "नकाशा ठरल्याशिवाय तारीख ठरणार नाही."

झालं! आमच्या आळीला सहा महिन्यांची करमणूक मिळाली.

*

पुण्याहून दोन पुस्तकं आली. एक लाल, एक निळं. आबासाहेबांनी भिंग लावून आख्खा फ्रान्स तपासला आणि लालच्या पानावर थाप मारली.

"एक मोरी दाखवलेली नाही! पावसाचं पाणी रस्त्याखालून जाणार कुठून?"

माई आतून म्हणाल्या, "तिकडं म्हणे बर्फ पडतो."

"मग बर्फ जाणार कुठून?"

*

निळ्यात एक रस्ता चांगला वीतभर सरळ गेला होता. आबासाहेब हसले. "कंत्राटदारानं घरी बसून रेघ मारलीय. असला सरळ रस्ता जगात नसतो."

म्हटलं, "का हो नसतो?"

"अहो, मी आंबवड्याकडचा रस्ता आखला, तेव्हा तीन बड्या माणसांची शेतं चुकवावी लागली. तीन शेतं, तीन वळणं! फ्रान्सात काय कुणी बडा माणूसच नाही?"

आणि लाल पेन्सिल घेऊन त्यांनी स्वतःच्या हातानं तीन वळणं घातली!

*

मग एकट्यानं निर्णय घेणं बरं दिसत नाही म्हणून कमिटी नेमली. कमिटी म्हणजे आबासाहेब आणि संस्थानच्या खजिन्यातले जुने कारकून नाना. नानांनी एकच डोंगर दोन्ही पुस्तकांत दोऱ्यानं मोजला. निळ्यात भरला बोटभर, लालमध्ये अर्धं बोट.

"लालच घ्या आबासाहेब! चढ निम्मा, पेट्रोल निम्मं!"

दोघांना हे इतकं पटलं की माईंना दुसऱ्यांदा पोहे टाकावे लागले. पोहे खाऊन कमिटीनं ठराव केला : दोन्ही पुस्तकं उत्तम आहेत, निर्णय पुढच्या बैठकीत.

*

पुढं पुढं आबासाहेब ओट्यावरच प्रवासाला निघायला लागले. सकाळी बोट ठेवायचे किनाऱ्यावर, दिवेलागणीला पोचायचे स्वित्झर्लंडात. येणारा-जाणारा विचारायचा, "कुठवर आलात?"

एकदा माईंनी जेवायला तीन हाका मारल्या.

"घाटात आहे! उतरलो की येतो."

माई म्हणाल्या, "सावकाश या. पिठल्यावर बर्फ पडलाय."

*

त्याच आठवड्यात मुलीनं फोटो पाठवला. नातू खुर्चीला धरून उभा! आबासाहेब म्हणाले, "खुर्ची मजबूत दिसतेय."

माई उठल्या. फोटो पदराखाली घेऊन मागच्या दारानं माझ्याकडं आल्या. "गोदाबाई, तार करून याल?"

मी चौथी पास, पण असल्या कामात मॅट्रिक! तारेतला मजकूर कुणाला सांगायचा नाही म्हणून शपथ घातली होती, ती मी आठ दिवस पाळलीसुद्धा. मजकूर एवढाच : पहिल्या बोटीची काढा.

*

तिकिटं आली. आबासाहेब म्हणाले, "जावई उतावीळ आहे."

निघायच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर एसटीत बसले, पुण्यापर्यंत पोचवायला. शेजारधर्म! आणि खरं सांगायचं तर, राहवेना. दुपारची मुंबईची रेल्वे, दुसऱ्या दिवशी बोट. आबासाहेबांच्या मांडीवर दोन्ही पुस्तकं. माईंच्या मांडीवर नातवाचं दुपटं.

कापूरहोळला गाडी थांबली. कंडक्टर ओरडला, "पाच मिनिटं! च्या घ्या, लांब कुणी जाऊ नका!"

आबासाहेब ताडकन उठले. "खरा फाटा समोर आहे. दोन्हींत फाटा कसा काढलाय, ते ताडून बघतो. आत्ता ठरतं!"

"अहो, बसा हो," माई म्हणाल्या.

पण ते उतरले, फाट्याच्या मधोमध उभे राहिले. एका हातात लाल, एका हातात निळं. एकदा भोरच्या रस्त्याकडं बघत, एकदा साताऱ्याच्या, की परत पुस्तकात. पाच मिनिटं झाली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. आबासाहेबांनी पुस्तकातून मान वर न काढता हात केला, थांबा!

कंडक्टर आत डोकावला. "माई, आबासायेब काय येत न्हाईत. आमाला उशीर झालाय लई. मागनं तासाभरानं दुसरी गाडी हाय. काय करू?"

माईंनी एकदा खिडकीतून पाहिलं. मग ट्रंक उचलून आबासाहेबांच्या जागेवर ठेवली.

"मारा डबल बेल. त्यांच्याजवळ दोन-दोन नकाशे आहेत."