सरळ पाठीला मान्यता न देणारे मामा

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा त्यात सरळ पाठीचा एकही माणूस नव्हता, असं माझ्या धाकट्या मामांचं ठाम मत होतं. मामा हाडांचे डॉक्टर, नांदेडहून बदलून आलेले. कचेऱ्यांना अजून खुर्च्या मिळायच्या होत्या. मामांना तपासायला एस.टी. स्टँडही चाले. कुणाचे खांदे वरखाली दिसले की रामरामाआधीच म्हणत, "जरा पुढं वाका बरं." औशाच्या लग्नात पाया पडायला वाकलेल्या नवरदेवाला त्यांनी तसंच दाबून धरलं, पाठ चाचपली आणि मगच आशीर्वाद दिला.

पाठीच्या बाकाची प्रतवारी ते ज्वारीसारखी करत. जन्मतःच मणके वेडेवाकडे घडलेले, ते एक. नसा-स्नायूंच्या आजाराने वाकलेले दुसरे. म्हातारपणी झिजून कललेले तिसरे. एक पाय आखूड म्हणून नुसती कललेली दिसणारी पाठ यात धरायचीच नाही. "आन् सगळ्यात जास्त कोणते? ज्याचं कारण कुणालाच ठाऊक न्हाई. वाढत्या पोरींत लई." एवढं शिकून कारण ठाऊक नाही म्हणणारा भाऊ आमच्या आईला अजिबात पटत नसे.

तिला कारण पक्कं ठाऊक होतं. माझा उजवा खांदा वर, पाठीला त्याच बाजूला उंचवटा. म्हणजे दुष्काळात डाव्या कडेवर घागर वाहिल्याचा प्रताप. गल्लीचं यावर एकमत. मी तर इतकी हुशार, की पाठ सरळ करायला घागर उजव्या कडेवर घेऊ लागले. पाठ होती तशीच राहिली, पाणी निम्मं सांडलं. ऐन दुष्काळात रस्त्याला पाणी पाजणारी गावात मी एकटीच.

मग भोकरचे पाहुणे मला बघायला आले. आईने दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटून मला पोत्यासारखं बसवलं. मामांना मुद्दाम कळवलं नव्हतं. म्हणून ते वेळेआधीच हजर. मुलाची आई म्हणाली, "पोरगी जरा चालून दाखवू द्या."

"चालण्यात काय कळतंय?" मामा म्हणाले. "वाक गं."

आईने डोळे मिटले. मी वाकले. मामांनी उंचवट्यावर हात ठेवला.

"हा बघा बाक. कारण न सापडणारा, पण लहान. हिची वाढ संपली, आता फारसा वाढायचा न्हाई. संसार करील, लेकरं होतील. लपवून कशाला द्यायची? आता तुम्ही वाका."

"मी? अन् ते कशाला वो?"

"आम्ही दाखवलं, तुम्ही बी दाखवा."

बाई हसत वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. "डॉक्टरसाहेब, तिथंच! तिथंच ठणकतंय बघा!" मग सासरे वाकले, मुलगा वाकला. पोहे गार झाले, पण लग्न ठरलं. सासूबाई पुढे जन्मभर मला म्हणायच्या, "तुझी पाठ आम्ही बघून आणली, बाई."

शेवटी मामा स्वतःच झिजून कलले, आपल्याच तिसऱ्या प्रकारात गेले. मी म्हटलं, "मामा, जरा पुढं वाका बरं." म्हणाले, "वाकलोय की. सरळ व्हायला सांग, ते अवघड हाय."

आता नात वाढत्या वयाची झालीय. परवा पाया पडायला वाकली, तर माझा हात आपोआप तिच्या पाठीवर फिरला.

"आजी, काय बघून राहिलीस?"

पाठ सरळ होती. पण ते मान्य करायला मामा हवे होते.