काढून ठेवलेला हॉर्न

मैत्रेयी, आनंद,

मैत्रेयी, तुझ्या नव्या गाडीचा फोटो मी मोठा करून पाहिला. आधी गाडी, मग तू, मग परत गाडी. त्याखाली आनंदनं विचारलं होतं, "आजी, अप्पांची पांढरी गाडी शेवटी कुणाला विकली?" आणि तुमच्या आईनं परस्पर उत्तर देऊन टाकलं, "विकली नाही रे, शॉर्ट सर्किटनं जळली." ते उत्तर घरात इतकी वर्षं चालत आलंय. पण ते पुरं नाही. त्यातला एक भाग तुमच्या आजोबांनी, अप्पांनी, फक्त मला सांगितला होता, आणि आता अप्पा नाहीत. मी सांगितलं नाही तर तो भाग माझ्याबरोबर जाईल, म्हणून आज लिहायला बसले. हीच प्रत एका मासिकाच्या अनुभवांच्या सदराकडेही पाठवणार आहे. कुणा वाचकाला उत्तर सुचलं तर बरंच.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. जन्मभर मी इंग्रजीच शिकवलं. पण दोन परिच्छेद लिहून पाहिले, तर ते पुस्तकातल्या गोष्टीसारखे वाटायला लागले... घडल्यासारखे वाटेनात. म्हणून मराठी. अडेल तिथं आईला विचारा. ती मधेच "तसं नव्हतं" म्हणेल. म्हणू द्या.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझा असल्या प्रकारांवर विश्वास नव्हता आणि आजही मी तो आहे असं म्हणणार नाही. माझ्या वडिलांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले गंडे, ताईत, अंगारे सगळे बाहेर गेले, ते परत आले नाहीत. अप्पा तर रस्ते-पूल बांधणाऱ्या खात्यातले इंजिनियर. आपली गाडी घरी आणायच्या दिवशी विकणाऱ्याचा माणूस चाकाखाली ठेवायला लिंबू घेऊन आला, तर अप्पा म्हणाले, "आणा इकडं, सरबताला होईल." आणि खरंच सरबत केलं.

आता हॉर्नबद्दल. त्या गाडीचा हॉर्न सरळ वाजत नसे. आधी घसा खाकरल्यासारखा खर्र असा आवाज, मग एकदम भरदार सूर. औरादच्या आपल्या गल्लीत त्या आवाजावरून अप्पा आल्याचं सगळ्यांना कळायचं. तुम्ही सुट्टीला आलात त्या वर्षी पावसाळ्यात तो बसत बसत गेला आणि बंद पडला. महेबूब मिस्त्रींनी तो काढून अप्पांच्या हातात दिला. "इसमें कुछ नै रहा साब. जल गया अंदर से. नवा डालो." नवा बिदरहून यायचा होता. आज येतो, उद्या येतो, असं चाललं होतं. अप्पांना काही टाकवत नसे. त्यांनी जुना हॉर्न वर्तमानपत्रात गुंडाळून, वर सुतळी बांधून माझ्या कपाटाच्या खालच्या खणात ठेवला. साड्यांच्या शेजारी. त्यावरून आमचं थोडं वाजलंही.

म्हणजे गाडीत हॉर्न नव्हता. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

औराद, संतपूरच्या रस्त्यांवर हॉर्नशिवाय गाडी चालवणं म्हणजे काय, ते तुम्हाला तिकडं बसून कळायचं नाही. म्हशी, ट्रॅक्टर, मधोमध गप्पा मारत चाललेली माणसं. अप्पा काच खाली करून दारावर हात आपटायचे. मग मैत्रेयी, तू ते काम अंगावर घेतलंस. मागच्या खिडकीतून तोंड काढून "पोंऽऽ" करायचीस. बाजाराच्या दिवशी एका म्हाताऱ्यानं दचकून डोक्यावरचं गाठोडं सावरलं आणि म्हणाला, "व्हय माय, सरकतो. पर घसा बसंल की तुझा." त्या सुट्टीत आपल्या गाडीचा हॉर्न तू होतीस. आणि आनंदला चालत्या गाडीचं दार उघडायचा नाद होता, म्हणून मागच्या दोन्ही दारांना अप्पांनी चाइल्ड लॉक लावून ठेवलं होतं. ती दारं आतून उघडत नसत, फक्त बाहेरून.

परत निघायच्या दिवशी तुम्हाला कलबुर्गीला सोडायचं होतं. तिथून रेल्वेनं मुंबई, मग विमान. अप्पा गाडी चालवत होते, मी शेजारी. मागे तुमची आई सुजाता, तिच्या मांडीवर आनंद आणि दाराला टेकून मैत्रेयी. बिदर ओलांडेपर्यंत मैत्रेयीनं हॉर्नचं काम चोख केलं. मग तिचा आवाज बारीक होत गेला आणि मागे तिघंही झोपली. आदल्या रात्री सामान भरताना कुणी झोपलंच नव्हतं.

हुमनाबादच्या अलीकडे मोठ्या रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून अप्पांनी आतला रस्ता धरला. हिवाळ्यातलं ऊन, दुपार व्हायला आलेली. त्या दिवसांत आपल्याकडे डांबरी रस्ता म्हणजेच खळं. उपटलेले हुलगे रस्त्यावर पसरतात. गाड्या वरून गेल्या की शेंगा फुटतात, दाणे खाली राहतात. गाडीवाल्यांनी बाजूनं काढली तर शेतकऱ्यांना राग येतो. आणि अप्पांना तर बाजूनं काढणं असभ्यपणाचं वाटायचं. कुणाच्या घरासमोरून हाक न मारता गेल्यासारखं.

पहिला ढीग आला, दुसरा आला. अप्पा प्रत्येकावरून सावकाश, सरळ रेषेत गाडी नेत होते. मी म्हटलं, "अहो, रेल्वे गाठायचीय. बाजूनं घ्या."

"मॅडम, त्यांचं धान मळून निघायलंय. आपलं काय जायलंय त्यात?" मी शिकवायची म्हणून ते मला मॅडमच म्हणत.

पुढं एका ठिकाणी ते खरंच बाजूनं घ्यायला लागले, तर कडेला सूप घेऊन बसलेली बाई उठली. पदर खोचलेला, हातानं अडवत म्हणाली, "अण्णा, बाजूनं कामून चाललाव? वरनं घ्या की जरा."

"घेतो अक्का, घेतो," म्हणून अप्पांनी गाडी ढिगावर घातली. ढीग जाड होता. हुलग्याच्या वेली तारेसारख्या चिवट असतात. खालून खसखस, खसखस आवाज आला, मग काहीतरी घासत चालल्यासारखा. आम्ही ढीग पार केला. मागे फुफाटा उडाला होता, त्यात काही दिसत नव्हतं. अप्पांनी वेग वाढवायला पाय दाबला...

आणि हॉर्न वाजला.

आधी खर्र. मग तो भरदार सूर. आणि तो थांबेना.

मी अप्पांच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगच्या कडेला होते. मधल्या बटणाजवळ एक बोटही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. भीती नव्हती त्यात. वर्गात एखाद्या मुलाला प्रश्नच कळत नाही तेव्हा तो जसा बघतो, तसा.

"कुणाचा वाजायलाय?" ते म्हणाले.

मी मागे वळून पाहिलं. रस्त्यावर दुसरी गाडी नव्हती. "आपलाच," मी म्हटलं.

अप्पांनी गाडी कडेला घेऊन थांबवली. इंजिन बंद केलं, किल्ली काढली. हॉर्न चालूच. ते उतरून पुढं गेले आणि बॉनेट उघडलं. बॉनेट वर झालं तसा आवाज आणखी मोठा झाला. माझ्या पायाखालचा पत्रा त्या आवाजानं थरथरत होता, हे मी शपथेवर सांगू शकते.

मागे आनंद दचकून उठला आणि रडायला लागला. मैत्रेयीनं कानांवर हात ठेवले. सुजाता दाराची कडी ओढत ओरडत होती, "आई, बाहेरून उघड. पोरं भ्यायलीत." मी उतरले, मागचं दार उघडलं. सुजाता आनंदला घेऊन उतरली. मैत्रेयी, तू सीटवरून सरकत सरकत आलीस, तुझी एक चप्पल आत राहिली. ती घ्यायला तू परत वाकलीस, तर मी तुझ्या दंडाला धरून ओढलं. का ओढलं, मला ठाऊक नाही. एक चप्पल कुणी अशी सोडत नाही, निदान मी तरी नाही.

तुझा अनवाणी पाय रस्त्याला लागला आणि हॉर्न थांबला.

थांबला म्हणजे हळूहळू बसला नाही. कुणी हात उचलावा तसा थांबला. त्या शांततेत मला दुसरा आवाज ऐकू आला. चुलीत ओली काडी पेटते तसा, तडतड. तो गाडीच्या मागच्या सीटच्या बरोबर खालून येत होता. मग धूर दिसला, आणि धुराच्या मागं जाळ.

हुलग्याचं काड खाली सायलेन्सरच्या गरम नळीला गुंडाळून पेटलं होतं. ती बाई धावत आली, तिनं मुलांना कवेत घेतलं. "हिकडं या, हिकडं या माय, लांब." अप्पांनी डिकीतून एक बॅग ओढून काढली, दुसरीला हात लावेपर्यंत लोकांनी त्यांनाच मागं ओढलं. माणसं माती टाकत होती, कुणी फवारणीचा पंप आणला. मागची सीट आधी पेटली. आपण बघत होतो तेवढ्या वेळात ती गेली. मग काचा फुटल्या. मी सुजाताकडे पाहिलं नाही, तिनंही माझ्याकडे पाहिलं नाही. ती कडी, आतून न उघडणारी, आम्हा दोघींना दिसत होती.

सगळं विझल्यावर ती बाई रडायला लागली. "आमच्या काडानं झालं अण्णा. मीच म्हणले वरनं घ्या."

अप्पा म्हणाले, "न्हाई अक्का. गाडी मी घातली. लेकरं उतरली, बास झालं."

डोळे पुसून तिनं विचारलं, "पर एवढा हॉर्न कामून वाजवायलताव? आमी म्हणलं मंत्री आला का काय."

म्हणजे तिनंही ऐकला. पलीकडच्या शेतातल्या माणसांनीही ऐकला, त्या आवाजानंच ती रस्त्याकडे आली होती.

पुढचं थोडक्यात. पासपोर्ट सुजाताच्या खांद्यावरच्या पर्समध्ये होते. गावातल्या एकानं त्याच्या जीपमधून आपल्याला कलबुर्गीला नेलं. ती रेल्वे चुकली, दुसरी मिळाली. विमान मिळालं. मैत्रेयी एक चप्पल घालून मुंबईपर्यंत गेली, कारण दुसरी घ्यायला ती कबूलच होईना.

अप्पा आणि मी उशिरा घरी आलो. त्यांनी पाणीही न पिता माझं कपाट उघडलं. खालच्या खणात पुडकं होतं. सुतळीची गाठ तशीच, त्यांच्याच हातची. त्यांनी ते सोडलं. आत हॉर्न होता. मी त्यावर हात ठेवला. काय वाटलं होतं मला, कोण जाणे... तो थंड होता.

तेव्हा अप्पा खाली जमिनीवर बसले आणि त्यांनी मला तो भाग सांगितला.

"मी बॉनेट उघडलं ना मॅडम, तेव्हा पहिल्यांदा हॉर्नच्या जागी पाहिलं. मला वाटलं महेबूबनं न सांगता नवा बसवला असेल. जागा रिकामी होती. दोन वायरी लोंबत होत्या, टोकांना त्यानं लावलेली काळी टेप होती. आणि आवाज तिथूनच येत होता. मी हात घातला त्या जागेत. हाताला काहीच लागलं नाही. पण बोटं थरथरायलती."

मग त्यांनी हॉर्न परत कागदात गुंडाळला आणि सुतळी बांधली.

दुसऱ्या दिवशी आम्ही महेबूब मिस्त्रींकडे गेलो. नवा हॉर्न त्यांच्या फळीवर खोक्यात बंद होता, नुकताच आला होता. "मैं नै बिठाया साब. आप गाडी लायेच कहाँ?" तुमचे बाबा फोनवर म्हणाले, आगीनं वायरी वितळल्या, सर्किट जुळलं, म्हणून वाजला. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आग मागं होती, वायरी पुढं. तरी करंट गेला असं धरू. पण हॉर्नच नव्हता, तर वाजलं काय?" बाबांनी "शॉर्ट सर्किटच ते" म्हणून विषय बदलला. तो शब्द तेवढा घरात राहिला. शब्द असला की माणसांना बरं वाटतं.

अप्पांनी उत्तर शोधणं सोडलं नाही. कधीकधी ओसरीवर जुनी बॅटरी घेऊन बसायचे, हॉर्नला वायरी जोडायचे. तो कधी वाजला नाही, साधा खर्र आवाजही नाही. संध्याकाळच्या वंदनेनंतर मात्र ते पूर्वीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटून बसायला लागले. मी एकदा विचारलं, काय चाललेलं असतं? म्हणाले, "काही मागत न्हाई. ऐकत बसतो."

शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "मॅडम, मला आता कारण नको. पण तो आवाज एकदा परत ऐकायला मिळाला असता तर बरं झालं असतं."

मी काय म्हणू? कुणी आलं होतं असं मी म्हणणार नाही. आमच्यातून गेलेलं असं कुणी नव्हतं की जे आपल्या गाडीचा हॉर्न वाजवेल. दया, मैत्री हे शब्द मी लहानपणापासून म्हणत आले, ते माणसांचे गुण आहेत असंच समजत आले. त्या रिकाम्या जागेतून काय आलं, ते मला कळलेलं नाही. एवढंच म्हणते, की त्या दिवशी आमच्या गाडीचा खरा हॉर्न मागच्या सीटवर झोपला होता, आणि कुणीतरी, किंवा कशानंतरी, त्याचं काम केलं.

मैत्रेयी, तुझ्या गाडीखाली काही अडकल्यासारखं वाटलं तर लगेच थांब, उतर, वाकून बघ. मागे लहान मूल असेल तर आधी त्याला बाहेर काढ. बाकी तू हुशार आहेस.

गाडी त्याच आठवड्यात भंगारात गेली. अप्पा गेले. हॉर्न माझ्या कपाटाच्या खालच्या खणात आहे, अप्पांनी बांधलेल्या सुतळीत. तो वाजत नाही. आणि तिकडं तुम्ही दोघं आहात.