बिनविरोध

आमच्या तांड्याची मतं एकगठ्ठा विरोधात गेली आणि पिढीजात सरपंचकी भोगणारे गावचे पाटील ग्रामपंचायतीला पडले. ही नव्वदीच्या उत्तरार्धातली, सेनगाव तालुक्यातली गोष्ट. त्या दिवशी तांड्यावर गूळ वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात एका परदेशी संस्थेची पाणीयोजना आली. माणसं भली होती, याबद्दल मला आजही शंका नाही. त्यांना राजकारणाचा तेवढा विटाळ होता. म्हणून ग्रामपंचायत बाजूला ठेवून गावाने वेगळी समिती निवडावी, अशी अट होती. चिठ्ठ्या टाकून मतदान नको, त्याने गावात फूट पडते. पारावर बसा, हात वर करा, एकमत करा.

आता ज्याच्या रानात उद्या निंदायला जायचं, त्याच्या डोळ्यांदेखत हात खाली ठेवायची कुणाची छाती होती? चिठ्ठीने पडलेले पाटील हाताने बिनविरोध अध्यक्ष झाले. संस्था खूश झाली. नळ पाटलांच्या गल्लीतून निघाले आणि तांड्याच्या अलीकडे थांबले. निवडून आलेल्या सरपंचाकडे शिक्का तेवढा उरला. शेजारच्या गावांचे पडलेले सरपंच जीप भरभरून ही पद्धत शिकायला येऊ लागले, आणि संस्थाही तिथे जाऊ लागली. मला याचा राग यायचा. अजून येतो.

दोन-चार वर्षांनी संस्थेचे गोरे साहेब टाकी बघायला आले. सोबत दिल्लीकडची दुभाषी बाई. पाटील टाकीखाली हार घेऊन उभे होते. याडी, म्हणजे माझी आई, रिकामी घागर खाली ठेवून पुढे निघाली.

"काहून जाऊन राहिलीस?" मी विचारलं.

"सरपंच पाच सालानं पाडता येतो. ह्याला कवा पाडायचं, तेवढं इचारते."

बाईला कळावं म्हणून तिने त्याची हिंदी केली. पाटलांकडे बोट दाखवून म्हणाली, "साब, ये कब गिरेगा?"

मतं देऊन हरवण्याला आम्ही पाडणं म्हणतो, हे त्या बाईला कुठून ठाऊक असणार? तिला पाटलांच्या मागची टाकी दिसली. तिने साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेब कळवळले. याडीचा हात हातात घेऊन काहीतरी बोलले, आणि बाईने ते हसून आमच्यापर्यंत पोचवलं:

"डरो मत, माँजी. इसे हमने बड़ी मज़बूती से खड़ा किया है. गिरने का सवाल ही नहीं."