शिवलकर मॅडमचे हातमोजे

सुजाता शिवलकर हातमोजे काढू लागली की आमच्या प्रयोगशाळेत सगळे आपापल्या कामात मान घालत. एकेक बोट सोडवत ती दोन्ही हातमोजे काढायची, डब्यात टाकायची आणि म्हणायची, "सर, राग मानू नका, पण हे चुकतंय." त्यापुढे हमखास राग यावा असंच काहीतरी असायचं.

मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यात मी प्रयोगशाळेचा प्रमुख, ती माझ्या हाताखाली. एकदा कोळंबीच्या मालावर माझी सही झालेली, कंटेनर फाटकाशी उभा, आणि हिला नमुन्यात जंतूंचा संशय आला. मॅनेजरसाहेब खाली येऊन तिच्यावर ओरडले. ती शांतपणे म्हणाली, "पाठवा ना. फक्त अहवालावरचं माझं नाव खोडा." बाहेर ड्रायव्हर क्लीनरला सांगत होता, "मॅडमनी हात मोकळे केले, आता गाडी काय हलत नाय." फेरतपासणीत तिचंच खरं निघालं. सही खोडावी लागली ती माझी.

ही मुलगी परदेशी नोकरीसाठी अर्ज करत होती. माशांच्या रोगांवर काम करणाऱ्या, नॉर्वेकडच्या प्रयोगशाळा. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात खाता खाता मोबाइलवर जाहिराती चाळायची. बाहेरच्या माणसाला व्हिसा देतात की नाही, ते आधी बघायची. तिशीत मीही असे अर्ज केले होते. एकाचंही काही झालं नाही. त्यामुळे तिला नकार आला की मी तोंडाने हळहळायचो, आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं. लिहायला लाज वाटते, पण होतं ते असं होतं.

तिसऱ्या ठिकाणी तिची मुलाखत चांगली झाली. तिच्याबद्दल चौकशी करायला त्यांना तिच्या कामाच्या ठिकाणचं कुणीतरी हवं होतं. तिने माझं नाव दिलं. व्हिडिओ कॉलवर तिकडच्या बाईंनी विचारलं, तुमचे तिच्याशी कधी मतभेद झाले का? अशा वेळी आपल्याकडे काय सांगायचं ते ठरलेलं असतं: मुलगी गुणी आहे, शब्दाबाहेर नाही. मी ते सांगितलं नाही. हातमोज्यांपासून सुरुवात केली. थांबवलेला कंटेनर, साहेबांशी घातलेली हुज्जत, माझी खोडलेली सही, सगळं सांगितलं. एक शब्द खोटा नव्हता. बोलताना आतून गार वाटत होतं. बाई भराभर लिहून घेत होत्या.

थोड्याच दिवसांत नेमणूक झाली. सुजाता घरून नारळाच्या वड्या घेऊन आली आणि वाकून पाया पडली. मी वडी कागदावर ठेवली. माझंच नाव का दिलंस, असं मी विचारलं.

"आधी दोन्ही वेळा साहेबांचं दिलं होतं, सर. त्यांनी कौतुकच केलं बिचाऱ्यांनी. आज्ञाधारक आहे, कधी उलट बोलत नाही म्हणाले. तिकडे तसलं माणूस नको असतं." ती हसली. "म्हटलं, आता ज्यांच्याशी भांडले त्यांनाच बोलू दे. तुम्ही माझ्याबद्दल गोड बोलणार नाही, याची मला खात्री होती."

कुठपर्यंत ओळखलं होतं तिने मला, हे विचारायचा धीर झाला नाही. ती गेली. तिच्या टेबलाशी नवीन मुलगी आली आहे, ती सगळ्याला "हो सर" म्हणते.

गेल्या महिन्यात मीही पुन्हा एक अर्ज भरायला घेतला. चौकशीसाठी कुणाचं तरी नाव द्यायचं होतं, म्हणून मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते मनापासून खूश झाले.

"घाला की माझं नाव," ते म्हणाले. "तुमच्याबद्दल चांगलंच सांगेन. इतक्या वर्षांत तुम्ही कधी माझ्या शब्दाबाहेर गेला नाहीत."