उत्तनच्या मांडवासाठी सुलभाच्या साड्या

लग्नासाठी मीरा रोडचे चार हॉल पालथे घालून झाले आणि चौथ्यातून बाहेर पडताना माझी लेक ऋजुता म्हणाली, "बाबा, मला ह्यातलं काहीच नकोय. मला रस्टिक लग्न करायचंय." मी तो प्रकार तिच्या मोबाइलवर बघितला. बांबू, झावळ्या, पणत्या, हातानं लिहिलेल्या पाट्या. आमच्या वेळी सगळीच लग्नं अशी व्हायची, फक्त त्याला साधं लग्न म्हणायचे आणि फोटो कमी निघायचे. हे मी तिला ऐकवलंही. ती हसली नाही. "आणि आईच्या साड्या हव्यात," म्हणाली. "त्यांच्या पट्ट्या कापून मांडवभर झिरमिळ्या सोडायच्यात."

चल, चहा घेऊ, म्हणालो आणि विषय बदलला.

सुलभाला, माझ्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झाली. तिचं कपाट मी तेव्हापासून उघडलेलं नाही. किल्ली देव्हाऱ्याच्या खणात असते, हे ऋजूलाही ठाऊक आहे, पण तिनंही कधी हात लावला नाही. कपाट उघडलं की आत राहिलेला तिचा वास निघून जाईल, अशी मला भीती होती. लिहिताना हे वेडगळ वाटतंय, पण खरं तेच आहे. ऋजूला मांडवात आई हवी होती आणि मला ती कपाटात हवी होती. तुम्हीही असं लग्न करायच्या विचारात असाल तर बांबू-झावळ्यांची माहिती खाली आहेच. माझ्यासाठी मात्र सगळा प्रश्न त्या किल्लीचा होता.

जागा आधीच ठरल्यासारखी होती. सुलभा आणि उत्तनच्या ल्युसीताई एकाच शाळेच्या ऑफिसात वर्षानुवर्षं शेजारी बसल्या. ल्युसीताईंच्या घरापुढे नारळांनी वेढलेलं मोठं अंगण आहे. तिथून परतताना दर वेळी सुलभा म्हणायची, "ऋजूचं लग्न इथं करायचं." ल्युसीताईंना फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, "मंग अंगण काय मी भाड्यानी देनार हाय का? या रविवारी."

रविवारी आधी काशीगावला गेलो, हायवेलगतच्या बांबूच्या वखारीत. मी बारीक आणि स्वस्त बांबूंकडे बघत होतो. वखारवाला म्हणाला, "अंकल, शादी का मंडप है ना? सीधा वाला लो. टेढ़ा वाला सूख के और टेढ़ा होता है." ऋजूनं लगेच सरळ बांबू बाजूला काढायला लावले. त्याच्याकडूनच टेम्पो ठरवला. बांधायला काथ्याच घ्या, नायलॉनची गाठ सरकते. मांडवात अक्षता ठेवायला म्हणून दोन सुपंही घेतली आणि तिथं घासाघीस करायची माझी हौस भागवून घेतली.

टेम्पो भाईंदर पश्चिमेला आला आणि पुढं मुर्धा, राई, मोरवा अशी गावं लागली. मोरव्यात रस्त्याला लागून जुनी घरं अजून टिकून आहेत. एका ओट्यावर बाया कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं टेम्पोतले बांबू बघून विचारलं, "कोनाचा लगीन?" ऋजूनं मान बाहेर काढून "माझं!" म्हणून सांगितलं. तुम्ही बसनं येणार असाल तर भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनची बस मिळते, पण रविवारी सकाळी लवकर निघा, नंतर चौपाटीवर जाणाऱ्यांची गर्दी होते. मिठागरं मागं पडली की खाऱ्या वाऱ्याबरोबर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. ऋजूनं तो छातीभर ओढून घेतला. मी मांडीवरची सुटकेस सांभाळत बसलो होतो.

त्या सुटकेसबद्दल सांगायला हवं. साड्या आणा, असं ऋजूनं बजावलं होतं. मी आणल्या, पण कपाटातल्या नव्हे, माळ्यावरच्या. मराठी घरात अशी एक सुटकेस असतेच. आहेरात आलेल्या, कुणी न नेसलेल्या आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या गळ्यात घालायच्या साड्यांची. अशीच एक साडी चार घरं फिरून पुन्हा आमच्याकडे आली होती. म्हटलं, साड्या त्या साड्या, कापल्यावर कुणाला कळणार? पण चोराच्या मनात चांदणं. वाटेत ऋजूनं दोनदा सुटकेसला हात लावला आणि दोन्ही वेळा मी ती जवळ ओढून घेतली.

ल्युसीताईंनी आधी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि बाटली मसाल्यातलं, म्हणजे वर्षभर बाटल्यांत भरून ठेवतात त्या घरच्या मसाल्यातलं, बोंबलाचं कालवण. जेवून अंगणात चटई टाकली आणि त्यांनी सुटकेस उघडली. वरची साडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि खाली ठेवली. दुसरी घेतली. मग माझ्याकडे बघितलं.

"भावजी, ह्या सुलभाच्या न्हाय. तिच्या अंगावर ह्यातली येक पन मी पायली न्हाय."

ऋजूनं तिसरी उचलली. तिला टाचणीनं चिठ्ठी लावलेली होती, सुलभाच्या अक्षरात: 'मावशीकडून आलेली. मावशीला परत देऊ नये.' ऋजूला आधी हसू आलं, आणि हसता हसताच ती रडायला लागली.

"द्यायच्या नसतील तर नाही म्हणा ना, बाबा. आईच्या जागी आहेर काय ठेवता?"

"तू कापणार आहेस त्या," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "तिचं एवढंच राहिलंय आणि तू त्यावर कात्री चालवणार."

ल्युसीताईंनी झावळीची एक पाती सोलून घेतली आणि बोटांनी विणायला लागल्या. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, पाम संडेला, त्या अशाच पातीचे क्रूस विणतात. आज त्याच बोटांतून एक पोपट तयार झाला आणि त्यांनी तो ऋजूच्या हातात ठेवला.

"कापाच्या कशाला पन?" त्या म्हणाल्या. "आमच्या आयशीच्या लग्नात मांडवाला वरती लुगडीच बांधली व्हती. बांबूला गाठी माराच्या. लगीन झाला का सोडाच्या, घड्या कराच्या, कपाटात ठेवाच्या. साडीला काय व्हते?"

ऋजूनं मान हलवली. परतीच्या बसमध्ये सुटकेस मी मांडीवर घेतली नाही, पायाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर खणातून किल्ली काढली. ऋजू मागं उभी होती. कपाट उघडलं आणि वास आला डांबरगोळ्यांचा, बाकी कसलाच नाही. दोन वर्षं मी डांबरगोळ्यांचा वास जिवापाड जपला होता! मी खाली बसलो आणि पोटभर रडलो. ऋजूनं पाणी आणून दिलं आणि माझ्या शेजारी फरशीवर बसली.

मग एकेक साडी बाहेर निघाली. ऑफिसच्या रोजच्या, ऋजूच्या बारशाची, माझ्या बहिणीच्या लग्नातली. सगळ्यांत खाली एक मोतिया रंगाची, हिरव्या काठांची सुती साडी होती, घडी न मोडलेली. ती सुलभानं आजारपणात घेतली होती. "ऋजूच्या लग्नात हिची घडी मोडीन," असं म्हणाली होती. नवी साडी पहिल्यांदा नेसायची म्हणजे घडी मोडायची. तो मान आपण लेकीला देतो, भाचीला देतो. मी ती ऋजूपुढे केली, म्हटलं, तूच मोड.

"नको," ती म्हणाली. "ही आईचीच आहे. हिचा अंतरपाट करूया बाबा. म्हणजे मला आधी आई दिसेल, मग ओंकार."

ओंकार म्हणजे आमचा जावई, शांत मुलगा. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव घालायला तोच सगळ्यांत उंच शिडीवर होता. मांडवाला उंबराची डहाळी बांधली. ल्युसीताई म्हणाल्या, त्यांच्याकडेही लग्नात उंबर लागतोच. एक सूचना: समुद्रावरचा वारा दुपारनंतर वाढतो, तेव्हा साड्या ताणून बांधू नका, थोडा झोळ ठेवा. सकाळचाच मुहूर्त घ्या आणि पाहुण्यांच्या परतीची गाडी आधी ठरवा, उत्तनला ऐन वेळी रिक्षा मिळत नाहीत. खर्च हॉलपेक्षा पुष्कळ कमी येतो, पण घरच्या माणसांचे हात पुष्कळ लागतात.

लग्नाच्या दिवशी येणारा प्रत्येक जण मांडवात शिरला की वर बघायचा. माझी बहीण तर वाटेतच थांबली. "वहिनी ही माझ्या लग्नात नेसली होती ना रे?" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. ल्युसीताईंनी विणून टांगलेले झावळीचे पोपट वाऱ्यानं फिरत होते. सुलभाच्या रोजच्या ऑफिसच्या साड्यांखाली माणसं बसली होती, पोरं पळत होती.

अंतरपाट धरायची वेळ आली. एक टोक मी घेतलं. दुसरं टोक ल्युसीताईंनी धरावं, असं ऋजूनं सांगितलं होतं. त्या संकोचल्या. भटजींना म्हणाल्या, "मी क्रिस्ताव हाय. चालल का?"

भटजी म्हणाले, "ताई, नीट उंच धरा. मुलगा उंच आहे."

ल्युसीताईंनी साडी उलगडली आणि घडी मोडली. आम्ही ती दुहेरी करून धरली. ऋजूनं घडी न मोडताच वरच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक काढून ठेवलेलं होतं. मंगलाष्टकं सुरू झाली. साडीच्या अलीकडे माझी लेक मान खाली घालून उभी होती आणि साडीकडेच बघत होती. शेवटच्या "सावधान"ला अक्षता पडल्या, टाळ्या वाजल्या, भटजींनी अंतरपाट काढायला सांगितलं आणि त्या दोघांनी हार घातले.

सुलभाला साडीची घडी एकटीनं कधी जमली नाही. वाळलेली साडी घेऊन ती हाक मारायची आणि मी कुरकुरत दुसरं टोक धरायचो. काठाला काठ जुळवायचे, ताणायचं, मग टोक घेऊन तिच्याकडे चालत जायचं, इतकी वर्षं हेच. सगळे नवरा-नवरीकडे बघत होते आणि मी सवयीनं काठ जुळवून चालायला लागलो होतो. भानावर आलो तेव्हा मी ल्युसीताईंसमोर उभा होतो आणि त्या टोक घ्यायला हात पुढे करून थांबल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून टोक घेतलं.

"द्या भावजी," त्या म्हणाल्या. "तिला अशीच बारीक घडी लागाची."

आता मीरा रोडला घरी मी एकटाच आहे. ऋजू ओंकारबरोबर तिच्या घरी गेली. मांडवातल्या साड्या ल्युसीताईंनी पोचवल्या, त्यांना खाऱ्या वाऱ्याचा आणि थोडा बोंबलाचा वास लागलाय. धुवायला टाका, असं ऋजू फोनवर रोज सांगते. टाकणार आहे. मोतिया साडी मात्र तशीच ठेवलीय. घडीत अक्षता अडकल्यात आणि स्वस्तिकाचं कुंकू एका काठाला लागलंय. किल्ली आता कपाटालाच असते. सकाळी कधीतरी दार उघडतो, त्या घडीवरून हात फिरवतो आणि कामाला लागतो.