बिनतेलाची राजदूत

अनिकेत पिरंगुटच्या एका कारखान्यात लेथवर काम करतो. घर घोटावड्याला. आईवडील लवकर गेले, तेव्हा चुलते आनंदातात्या आणि चुलती भीमाबाई यांनीच त्याला वाढवलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. गेल्या वर्षी तात्या वारले. त्यांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर भीमाबाईंनी गोठ्याकडे हात केला.

"ती गाडी तुला दिलीया त्यांनी. मला सांगून ठेवलं व्हतं."

गोठ्यात पोत्यांखाली राजदूत मोटारसायकल वीस वर्षं उभी होती. टाकी कोंबड्यांनी घाण केलेली, दोन्ही चाकं बसलेली. अनिकेतला ती नको होती, पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? टेम्पोत घालून त्यानं ती पिरंगुटला शंभू मिस्त्रीकडे नेली. दर रविवारी दोघं मिळून थोडी थोडी खोलायचे.

इंजिन उघडलं त्या दिवशी शंभूनं मान हलवली. सिलिंडरला आतून उभे ओरखडे, पिस्टन जागीच चिकटलेला.

"बिनतेलाची पळवलीया कुणीतरी. ह्या गाडीला पेट्रोलात तेल मिसळावं लागतं. न्हाई घातलं की इंजिन आवळतं."

"तात्या विसरले असतील," अनिकेत म्हणाला.

म्हणाला, आणि त्याच्या हातातला पाना तसाच राहिला. माणूस जाऊन आठ महिने झाले, तरी तो त्याच्यावरच ढकलत होता.

सतराव्या वर्षी, तात्या-काकी लग्नाला गेलेले असताना, त्यानं गुपचूप गाडी काढून मित्राला ताम्हिणीला फिरवून आणलं होतं. टाकी रिकामी झाली तसं पंपावर पेट्रोल भरलं. तेलाचं त्याला ठाऊकच नव्हतं. घरी पोचेपर्यंत इंजिन जड झालं. त्यानं गाडी गार होऊ दिली, पुसून जागेवर लावली. दुसऱ्या सकाळी तात्या पौडला निघाले. चढावर चाक एकाएकी जाम झालं, तात्या पडले, मनगट मोडलं.

"तेलच न्हाई की हिच्यात," तेव्हाचा मिस्त्री म्हणाला होता.

"भरताना इसरलो आसंन," तात्या म्हणाले. अनिकेत शेजारीच उभा होता. गप्प राहिला.

तात्या तेव्हा जेमतेम पन्नाशीचे. त्यांनी गाडी दुरुस्त केलीच नाही. बुद्धविहारात तोंडपाठ वंदना घेणारा माणूस हातात पुस्तक धरू लागला, मग पुढे बसायचाच थांबला. कुलूप लावून चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघायचे. लोक 'विसरभोळा आनंदा' म्हणून हसायचे. अनिकेत हे सगळं बघत मोठा झाला.

त्या संध्याकाळी भीमाबाई मेथी निवडत बसल्या होत्या. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले.

"त्यांना ठावं व्हतं?"

"न्हाई, काकी. मी कधी बोललोच न्हाई."

"गोळी घेतली का म्हनून मला चारचारदा इचारायचे. सोताच्या डोक्यावर भरवसा न्हवता राह्यला." त्यांनी जुडी बाजूला सारली. "आन् तू हितंच बसून जेवायचास."

तो पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागं घेतले.

"मला सांगून काय? माणसांत सांग. माणसांत हसले हायेत त्यांना."

वैशाख पौर्णिमेला विहारात वंदना संपल्यावर अनिकेत उठला. चार वाक्यांत त्यानं सांगितलं: तात्या विसरले नव्हते, चूक माझी होती, मी लपवली. तात्यांच्या जोडीचे एक म्हातारे खाली बघत म्हणाले, "आनंदा जित्ता असताना सांगायचं व्हतंस, पोरा."



पुण्याच्या नाना पेठेतून पिस्टन आणून शंभूनं जूनमध्ये गाडी चालू केली. तो खूश झाला, अनिकेतला हसूही फुटेना. त्यानं गाडी भीमाबाईंच्या दारात आणली. त्या बाहेर आल्या, पदरानं सीट पुसली.

"आवाज त्योच हाय," म्हणाल्या.

"उद्या पौडला डोळे दाखवायला जायचंय ना? सोडतो तुम्हाला."

"बस हाय की."

आता तो रोज राजदूतवरून कामाला जातो. काकींचा पौडला जायचा दिवस आला की गाडीवर सोडू का म्हणून विचारतो. त्या रागावत नाहीत, जेवलास का म्हणतात, आणि पिशवी घेऊन स्टँडकडे चालू लागतात.