मांजराच्या घमेल्यातली राख

कोल्हारला मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालकीण मावशी, आणि माझ्या खोलीच्या बरोबर खाली त्यांचं देवघर. मांजराचा प्रश्न एवढा वाढला तो या रचनेमुळे.

मांजर उसाच्या ट्रॉलीखाली सापडलं होतं. मागचा एक पाय कायमचा गेला, आणि नाव लंगडी पडलं. बाहेर सोडलं असतं तर गल्लीतल्या कुत्र्यांनी एका सकाळीत निकाल लावला असता. त्यामुळे ते घरात, आणि त्याचे विधीही घरातच, एका जुन्या घमेल्यात. मांजरांसाठी विकत मिळणारी वाळू एकदा आणली. ती दरमहा परवडणारी नव्हती.

भाद्रपदात एका सकाळी मावशी नाकाला पदर लावून जिन्यात उभ्या राहिल्या.

"पत्रकार, घट बसायच्या आत ह्यो वास गेला पायजे. न्हाई गेला तर लंगडी जाईल. तुमी राहा."

"ती कुठे जाणार?"

"ते तुमी बघा. साऱ्या जिल्ह्याची खबर ठिवता ना."

पहिल्यांदा रसवंतीवरून उसाची चिपाडं आणली, वाळवली, बारीक करून घमेल्यात घातली. चिपाडात साखर उरते हे ध्यानात आलं नाही. मुंग्यांची रांग लागली आणि खोलीला आंबूस वास सुटला. मावशींनी खालूनच विचारलं, "वर गाळताय का काय?"

मग सुताराकडून बाभळीचा कोरडा भुसा आणला. खाली जुन्या वर्तमानपत्रांचा थर, वर भुसा, ओला भाग रोज काढून टाकायचा. वर्तमानपत्रं पाहून मावशी म्हणाल्या, "चला, छापलेलं कामी आलं." भुसा ओल चांगली धरत होता. तरीही दुपारपर्यंत वास यायचाच, आणि तो आता निराळा होता. नाकात शिरून डोळ्यांत पाणी आणणारा. घमेलं धुतलं, फरशी पुसली, सतरंजी उन्हात टाकली. वास कशातून येतो ते कळेना.

या काळात मावशी मदतीलाही आल्या होत्या. रोज सकाळी पाण्याच्या बंबातली राख डब्यातून वर आणायच्या आणि घमेल्यात हाताने पसरायच्या. आमच्याकडे लहान मूल घाण करो, कुत्रं ओको, कोंबड्यांचं खुराडं साफ करायचं असो, पहिल्यांदा राख पडते. मीही तेच बघत वाढलो. मी त्यांचे आभार मानत होतो. वास वाढला की त्या राख वाढवायच्या.

मग त्या काही दिवस लेकीकडे काष्टीला गेल्या, आणि वास गेला.

कशामुळे गेला हे सांगता येईना. त्याच सुमारास मी भुशात कडुनिंबाचा वाळका पाला मिसळला होता. खिडकीची अडकलेली झडप सुताराने मोकळी केली होती. पाऊसही उघडला होता. मी श्रेय पाल्याला दिलं. मावशी परतल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी डबा घेऊन वर आल्या, आणि दुपारी वास हजर. पाला होता, खिडकी उघडी होती, ऊनही होतं. नवीन होती ती फक्त राख. राखेने वास येतो, हे वाक्य बातमीत कोणी लिहून आणलं असतं तर मी खोडलं असतं.

शेवटी दोन थाळ्यांत तोच ओला भुसा घेतला, एकीत राख मिसळली आणि मावशींना वर बोलावलं. त्यांनी दोन्ही थाळ्या हुंगल्या. मग बाजूला झाल्या, पदराने डोळे पुसले आणि राखेची थाळी पुन्हा हुंगली.

"राखेनं वास जातो," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग ह्याला का येतोय?"

"मला सांगता येत नाही, मावशी."

त्या खाटेच्या कडेवर बसल्या. लंगडी त्यांच्या पायाला अंग घासत होती.

"अवंदा बंबात शेंगांची टरफलं लई घातली. टरफलाची राखच वंगाळ."

"असेल."

दुसऱ्या दिवशी राखेचा डबा वर आला नाही. त्यानंतरही नाही. वास गेला. घट बसले, खाली नंदादीप लागला, लंगडी वर राहिली.

नवरात्रात आरतीला आलेल्या एका शेजारणीने मावशींना विचारलं, "वर मांजर हाय ना? वास कसा न्हाई येत?"

"आधी लई यायचा," मावशी म्हणाल्या. "रोज राख टाकली मी. मग गेला."

शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली होती. तिने राख मागितली. मावशींनी डबा भरून दिला. मी जिन्यात उभा होतो. शेजारणीला खरं सांगायचं म्हणजे घटासमोर मावशींना खोटं पाडायचं, आणि लंगडीचं वर राहणं त्यांच्याच हातात. शेजारीण डबा घेऊन माझ्यासमोरून गेली. बाजूला सरून मी तिला वाट दिली.